शेवटच्या पानावरच्या तारखा

खडकीतल्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल कुणाशी फारसं बोलत नाहीत. पंख्याखाली बसून कुणी मोबाईल चाळायला लागला, की चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "वाचताय, की बोट घासताय?" उत्तराची वाट बघत नाहीत. पुस्तक देताना शेवटच्या पानावर तारखेचा शिक्का मारतात आणि शाई वाळेपर्यंत तिच्यावर फुंकर घालत राहतात. हल्ली दिवसचे दिवस ती वेळच येत नाही.

माझा एकुलता एक कथासंग्रह तिथे आहे. गेल्या महिन्यात त्याच्या शेवटच्या पानावर नऊ तारखा दिसल्या. मी हरखलो. फोटो काढून फेसबुकवर टाकला. दोनशे लाइक आले. पुस्तक कुठे मिळेल, असं मात्र एकानेही विचारलं नाही.

काल ते पुस्तक सहज चाळलं, तर मधली दोन पानं एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यात कापायची राहिलेली. ती फाडल्याशिवाय तिसरी कथा वाचताच आली नसती.

मी पुस्तक तसंच उघडं ग्रंथपालांपुढे ठेवलं.

"तीन वर्षं कुणी नेलं नाही, की कमिटी रद्दीत काढते," ते मान वर न करता म्हणाले. "म्हणून मारतो अधूनमधून शिक्का. तुमच्या एकट्याच्याच पुस्तकावर नाही."

त्यांनी शिक्क्यावरची तारीख बदलली.

"आलाच आहात, तर आज तुमच्या नावावर देतो. निदान एक तारीख खरी."

शिक्का मारून ते बराच वेळ फुंकर घालत राहिले.