प्रिय ग्राहक

दादाच्या दुकानाचं ऑनलाइन पैसे घेण्याचं खातं मी उघडून दिलं होतं. तो अमरावतीत फुलं विकायचा, मी अकोल्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवाळीला घरी गेले होते, तेव्हा दुकानातल्या स्टुलावर बसून त्याच्या फोनमध्ये एकेक रकाना भरत होते.

"दुकानाचं नाव काय टाकू?"

"भाऊ टाक."

"नुसतं भाऊ? पुढे काही नको?"

"काहून? सारे तेच म्हणतेत. पाटीवर बी तेच हाये."

मी भाषा मराठी निवडली आणि नावाच्या जागी भाऊ लिहिलं. तेव्हापासून गिऱ्हाइकानं पैसे पाठवले की त्याच्या फोनवर ते नाव उमटायचं. कंपनीकडून येणाऱ्या प्रत्येक मेलची सुरुवातही 'नमस्कार भाऊ' अशीच व्हायची. दादाला याची फार गंमत वाटायची. म्हणायचा, "कंपनी बी भाऊच म्हणून राहिली."

वहिनी तिथेच हार ओवत असायच्या. लग्नाला एवढी वर्षं होऊनही त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हे साऱ्या गावाचे भाऊ झाले. मी एकटीनं काय म्हणावं?"

काही महिन्यांनी खोटे मेल यायला लागले. रंग तोच, चिन्ह जवळजवळ तेच, आणि मजकूर घाबरवणारा: आपले खाते निलंबित होत आहे, त्वरित खालील दुव्यावर जा. दादा त्याचा फोटो काढून मला पाठवायचा. खाली लिहायचा, "पाय वं बाई, हे खरं का लबाड?" मी ग्रंथालयातून उत्तर द्यायचे. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्तीचं आहे बघ. पिन विचारतोय, म्हणजे लबाडच. आणि त्या लिंकला हात लावूच नकोस, ॲप आपलं आपण उघडून बघायचं.

त्यानं यातलं एकच मनावर घेतलं. लबाड मेल 'प्रिय ग्राहक' म्हणून सुरू व्हायचे. "ज्याले आपलं नाव मालूम नाही, त्याच्याशी काय बोलाचं?" मी म्हणायचे, अरे, तेवढ्यानं भागत नाही, नाव तर तुझ्या पाटीवर कोणीही वाचेल. "मंग तवा पाहू," म्हणून तो हसायचा. एकदा वहिनींकडे वळून म्हणाला, "तुले भाऊ म्हणता येत नाही ना? मंग तू प्रिय ग्राहक म्हणत जाय."

वहिनींनी पाण्याचा हबका फुलांवर मारता मारता थोडा त्याच्यावरही मारला.

पुढच्या मार्गशीर्षात दादा गेला. छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात नेलं, आणि परत आणला. त्या दिवशीचे हार शेजारच्या दुकानदारानं करून आणले.

महिन्याभरानं वहिनींनी दुकान उघडलं. मी शनिवारी संध्याकाळी अकोल्याहून जायला लागले, काही मदत होईल म्हणून. खरं तर मलाही जायला दुसरी जागा नव्हती. नांदगाव खंडेश्वरकडचा झेंडू यायचा, तो निवडत बसायचे. गिऱ्हाईक पैसे पाठवायचं आणि दाखवायला फोन वहिनींसमोर धरायचं. पडद्यावर रक्कम असायची, वर दादाचं नाव. वहिनी जरा जास्तच वेळ त्या फोनकडे पाहत. एक बाई म्हणाली, "अवं, गेले ना पैसे?" तेव्हा त्यांनी मान हलवली.

अशाच एका शनिवारी मी पोचले तर वहिनींच्या एका हातात दादाचा फोन आणि दुसऱ्या हातात त्याचं बँकेचं कार्ड होतं. पडद्यावर एक पान उघडलेलं, त्यात कार्डाचा नंबर आणि पिन भरायचे रकाने. अजून काही भरलं नव्हतं.

"वहिनी, थांबा. मेल दाखवा बरं."

त्यांनी दाखवला. आज रात्री आपले खाते कायमचे बंद होईल, असं लिहिलं होतं.

"वरती नाव काय आहे?"

"पायलं ना मी. ग्राहक हाये."

"मग?"

"मले मालूम हाये ताई, लबाड असन म्हणून." त्या कार्डाकडे पाहत होत्या. "पण बंद होईन म्हणते ना. खरंच झालं तर? मंग लोकांच्या फोनात काय येईन?"

मी ते पान बंद केलं, मेल काढून टाकला. मग त्यांच्यासमोर ॲप उघडून दाखवलं. खातं होतं तसं होतं. त्यांनी कार्ड पदरात पुसलं आणि गल्ल्यात ठेवलं.

त्या लबाड मेलमधलं एकच वाक्य खरं होतं, आणि ते सांगायचं माझ्याकडे आलं. खातं दादाच्या नावाचं, त्याच्या बँकेला जोडलेलं. माणूस गेल्यावर ते आपणच बंद करायचं असतं. तुमच्या नावानं नवं काढू, मी म्हटलं. वहिनींनी टोपलीवरचं ओलं फडकं काढलं, पिळलं आणि पुन्हा पसरलं.

"नव्याले नाव काय देसान?"

"तुमचं."

"मले माया नावानं कोण ओळखते?"

पुढच्या आठवड्यात रजा टाकून गेले. आम्ही दोघी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जाऊन आलो आणि कंपनीला कळवलं.

त्यानंतरच्या शनिवारी दुकानात असताना दादाच्या फोनवर मेल आला. मी हात पुढे केला, पण वहिनींनी फोन दिला नाही. त्यांनी आधी पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला, मी शिकवला होता तसा, एकेका अक्षरावर बोट ठेवत. लिंक कुठे नव्हती. काही भरायलाही सांगितलं नव्हतं. खातं बंद केल्याचं दोन ओळींत कळवलं होतं.

मग त्या वरच्या ओळीकडे आल्या.

"नमस्कार," त्यांनी वाचलं, आणि थांबल्या. मी शेवंतीच्या पाकळ्या वेचत राहिले.

"भाऊ," त्या म्हणाल्या.

आणि मग माझ्याकडे न पाहता, हळूच, "खरं हाये हे, ताई."