सात वेळा बोट, तीन ठिपके

माझ्या लॅपटॉपवरचं ए हे बटण दीड वर्षापूर्वी चहा सांडून मेलं. अख्खा कीबोर्ड बदलावा लागेल, असं दुकानदार म्हणाला. मी घरी आले, इंटरनेटवर शोधलं आणि सिस्टीमच्या आत सेटिंगची एक ओळ टाकली. तेव्हापासून कॅप्स लॉकचं बटण दाबलं की ए उमटायचा. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आपल्याला काहीतरी येतं, याचा मला फार आनंद झाला होता. पुढे बोटांना इतकी सवय झाली की आपण काही बदललं होतं, हेच मी विसरले.

फायनल इयरचा प्रोजेक्ट दाखवायच्या आदल्या संध्याकाळी मी सिस्टीम अपग्रेड केली. कित्येक दिवस ती सूचना कोपऱ्यात येत होती. सरांसमोर सगळं नवंकोरं दिसावं, एवढंच मनात होतं. अपग्रेड झालं, मी झाकण लावलं.

सकाळी पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. पाचव्यांदा ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असं आलं. बारा वाजता दुर्गच्या कॉलेजात पोचायचं होतं. तीन महिन्यांचं काम ह्याच लॅपटॉपमध्ये होतं, दुसरीकडे कुठेच नाही. रोज उघडायचं दार, आणि ते मला ओळखतच नव्हतं. मला रडूही येईना.

बाबा छत्तीसगडातल्याच, दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनलवर आहेत. त्या दिवशी सेकंड शिफ्ट, म्हणून घरी होते.

“काय झालं वं? तोंड कावून असं पांढरं पडलं?”

“बाबा, लॅपटॉप मले आतच घेऊन नाही राहिला. अपग्रेडनं माहा पासवर्डच बदलून टाकला.”

“असा कसा बदलंल? तू टाक, मी पाहतो.”

“तुमाले त्यातलं काय समजते?”

हे मी बोलून गेले. ते वाक्य आजही मला टोचतं. बाबांनी मात्र चष्मा लावला, स्टूल ओढलं आणि बसले. मी पुन्हा टाइप केलं.

“थांब. किती अक्षरं हायेत?”

“सात.”

“तुहं बोट सात वेळा पडलं. मंग ठिपके तीनच कावून? अन् हा बारका दिवा पाह्य. दोनदा लागला, दोनदा विझला. आधी लागत होता का हा?”

कॅप्स लॉकचा दिवा. दीड वर्षात तो कधीच लागला नव्हता. पासवर्ड कोणीच बदलला नव्हता. अपग्रेडनं फक्त माझी ती ओळ पुसली होती. कॅप्स लॉक पुन्हा कॅप्स लॉक झालं होतं, आणि खरा ए तर कधीचाच मेला होता.

मी बाबांना सगळं सांगितलं. ते हसले.

“आमच्याकडं शटडाऊनमंधी, दुरुस्तीले कारखाना बंद राहते तवा, असंच होते. बाहेरची पार्टी येते अन् सगळं ड्रॉइंगप्रमाणं जोडून जाते. खराब भाग टाळाले आपण मधात टाकलेलं बायपास काढून फेकते. तिची काय चूक? ड्रॉइंगात ते नसतेच. म्हणून आमी आधी बायपासची यादी पॅनलवर लावतो. तुही यादी कुठं हाय?”

माझ्याकडे यादी नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जुना कॉम्प्युटर होता. बाबांनी त्यांचा कीबोर्ड मागितला. काकूंनी तो क्रोशाच्या कव्हरासकट दिला.

“ने बाई. पण कव्हर काढू नको, धूळ बसते.”

“मंग काय कव्हरावरून टाइप करंल ती?” बाबा म्हणाले.

कीबोर्ड जोडला. बाबा शेजारीच उभे.

“बोल, काय टाकते तू? मी ठिपके मोजतो.”

मला लाज वाटली. तरी सांगितलं, “आईबाबा. इंग्रजीत. त्यात चार ए.”

बाबांनी बोटांवर अक्षरं मोजली. मग म्हणाले, “चांगला हाय. पण आता बदल. मले समजला.”

सात ठिपके आले. दार उघडलं. प्रोजेक्ट जागच्या जागी होता.

ती ओळ पुन्हा टाकायला वेळ नव्हता, म्हणून काकूंचा कीबोर्ड पिशवीत घालूनच कॉलेजात गेले. प्रोजेक्ट चालला. शेवटी सरांनी त्या क्रोशाच्या कव्हराकडे बोट दाखवलं, “ये क्या है?”

मी अडखळत खरं ते सांगितलं. वाटलं, आता हसतील. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “जो बदला था, कहीं लिखकर रखा था?”

मी थक्क झाले. सकाळी स्टुलावर बसून बाबांनी हेच विचारलं होतं, आणि त्यांना मी काय म्हणाले होते!

“नहीं सर,” मी म्हणाले. “घर पे बाबा ने भी यही पूछा था।”

घरी आल्यावर ती ओळ पुन्हा टाकली, पण आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढली. काय बदललं, कधी, कशासाठी. कागद बाबांना वाचायला दिला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, “अन् परत काढायचं कसं, ते कोण लिहंल?”

मी पेन पुन्हा उघडलं.