तीन धारांच्या मेखा
ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, अक्षर वाकडं आलं तर वही वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, माझी शाळा चौथीतच सुटली. आज तंबूच्या मेखा धुताना ओल्या मातीचा वास आला आणि शहरात सावेडीतलं तंबूच्या सामानाचं ते दुकान आठवलं. गडावर मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आम्ही दोघी जावांनी चार तंबू घेतले होते, आणि ते पाठीवरून वर न्यायचं काम माझं होतं. दुकानदाराने लोखंडाच्या गोल मेखांची पिशवी दिली, तर माझा खांदाच खाली गेला. शेजारी ॲल्युमिनियमच्या हलक्या, तीन धारांच्या मेखा होत्या, पण महाग. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, ह्या तर काड्या हायेत! वाऱ्यानं तंबू उडाला म्हंजी?" मी परक्यासमोर बोलत नाही, पण तेव्हा बोलले, "बाई, शेळीचा गोल खुटा मातीत फिरतो आन् उपटतो. धारंचा फिरत न्हाई." दुकानदार हसला. जाऊबाईंनी जास्तीचे पैसे उसने दिले, पण बजावलं, "उडाला तर दुप्पट घेईन." पहिल्याच मुक्कामाला गडावर भर दुपारी वारा सुटला. शेजारच्यांचे दोन तंबू गोल मेखांसकट करवंदीच्या जाळीत जाऊन पडले, आमचे चारही जागच्या जागी उभे. जाऊबाईंनी एक मेख दोन्ही हातांनी ओढून पाहिली, ती हललीसुद्धा नाही. "तुझी शेळी लई शिकलेली निघाली गं!" त्या म्हणाल्या. आता गावात कुणीही तंबू घेतला की मेखा निवडायला मला नेतात, आणि मी दुकानात न लाजता बोलते. जाऊबाईंचे पैसे मात्र मी त्याच हंगामात पुरते फेडले, दुप्पट नाही, घेतले होते तेवढेच.