उन्हाला अपात्र

"बाटली उघड. उघड म्हणतो ना, आधी उघड."

आमच्याकडून कवायत करून घेणारा उस्ताद माझ्या कानाशी ओरडत होता. ओरडत होता हिंदीत. मी मराठीत सांगतोय, कारण त्यातले निम्मे शब्द गाळावे लागतात. त्याचा आवाज असा की पलीकडच्या माळावरच्या म्हशीसुद्धा सावधान उभ्या राहायच्या. मी मातीत उताणा, पाठीवर ओझं तसंच, डोळ्यांपुढं अंधारी. शेवटी त्यानंच माझ्या कमरेची पाण्याची बाटली ओढली, बूच फिरवलं आणि माझ्या तोंडावर उपडी केली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

"पहाटेपासून चालतोयस," तो ओरडायचं विसरून म्हणाला, "आणि एक घोट प्यायला नाहीस?"

लष्करी अधिकारी घडवणारी ती अकादमी, साल ऐंशीच्या पुढचं. उन्हात बेशुद्ध पडायची माझी ही दुसरी खेप. तिसऱ्यांदा पडलो की डॉक्टरांचं बोर्ड बसेल आणि घरी जावं लागेल, हे आमच्या तुकडीच्या मेजरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता सांगितलं. शेवटचा लांब मार्च पंधरवड्यावर आला होता.

तशी आमच्या तुकडीतली पोरं गळतच होती. एकाचा गुडघा गेला. एक मोठ्या घरचा. स्वतःचे बूट स्वतः पुसायचे म्हटल्यावर त्याला आईची आठवण यायला लागली. एक इतका हुशार की प्रत्येक हुकमाला कारण विचारायचा. त्याला परतीचं तिकीट मिळालं, कारण नाही मिळालं. माझं छाती, पाय, नेमबाजी सगळं ठीक होतं. फक्त कमरेला बांधलेलं पाणी मला पिता येत नव्हतं.

आता हे कुणाला कसं सांगायचं? बहात्तरच्या दुष्काळात मी दहा-अकरा वर्षांचा. आमचं गाव भूमच्या अंगाला. तेव्हा येडशीच्या स्टेशनात इंजिनात पाणी भरायला लागले की रामलिंगाच्या देवळाभोवतालच्या रानातली माकडं पायपापुढं रांग लावायची आणि मधे घुसणाऱ्याला थोबाडीत मारायची. खोटं वाटत असेल तर माकडांना विचारा. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मी नदीच्या पात्रातल्या झिऱ्यावरून कळशी आणायचो. वाळूत खड्डा, त्यात वाटीवाटीनं साचणारं पाणी. ते डोक्यावर घेतलं की घरी पोचेपर्यंत आपलं नव्हे. माय कळशीत डोकावून आतली ओली कड बघायची. पाणी त्या कडेखाली उतरलेलं दिसलं की वाटेत कुणीतरी तोंड लावलंय. सांडलं म्हणायची सोय नव्हती. सांडलेलं बाहेरून दिसतं. एक सूट होती. वाटेत कुणी पाणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

तर अकादमीत कमरेला बाटली लागली की माझं अंग समजायचं, हे घरी पोचवायचंय. डोकं सांगायचं, अरे पी. हात बुचापर्यंत जायचा आणि तिथंच थांबायचा.

परत जायची भीती वाटायचं कारण आमचे चेअरमन. गावच्या सोसायटीचे चेअरमन म्हणजे साखर, खत, बियाणं आणि आशीर्वाद एकाच गोदामातून वाटणारा माणूस. त्यांनी त्याच गोदामापुढं माझा निरोप समारंभ केला होता. एवढे हार घातले की माझे कान दिसेनात. भाषणात म्हणाले, हा पोरगा जनरल होईल आणि भूमला रेल्वे आणील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी तर स्टेशनासाठी जागाही बघून ठेवली होती. शिवाय आमच्या बौद्धवाड्यातनं अधिकारी व्हायला निघालेला मी पहिलाच, म्हणून निम्मा वाडा एसटीमागं फाट्यापर्यंत धावला होता. तिथं कुठल्या तोंडानं उतरायचं?

तो पंधरवडा मी पाणी प्यायचा सराव केला. बाटली बांधून खोलीत फेऱ्या मारायच्या आणि एकेक घोट घ्यायचा. घोट तोंडात जायचा, पण घशाखाली उतरायला इतका वेळ लावायचा की तेवढ्यात माणूस दाढी करून यावा. जेवण जाईना. स्वप्नात मेजरसाहेब कळशीत डोकावायचे.

मार्च निघाला. माझ्या शेजारी पंजाबातला एक जोडीदार होता. बिचाऱ्यानं पाणी संपताना कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं पहिल्याच चढाला आपली बाटली रिकामी केली, वर उरलेल्यानं तोंडही धुतलं. पहिल्या थांब्यावर मी डोळे मिटून एक घोट घेतला. उतरला. दुसऱ्या थांब्यावर आणखी एक उतरला. मला वाटलं, जमलं. जनरलपदाची पहिली पायरी चढलो.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा तो जोडीदार लटपटायला लागला. ओठ पांढरे पडलेले.

"यार, एक घोट," तो म्हणाला.

मी बाटली काढून त्याच्या हातात दिली. परत मागितली नाही. त्यानं ती शेवटच्या थेंबापर्यंत झटकली, आणि मी बघत राहिलो. पुढच्या वळणावर मी पडलो.

शुद्धीवर आलो तेव्हा दवाखान्यात होतो. मेजरसाहेब पलंगाशी उभे, हातात माझी रिकामी बाटली.

"या वेळी सगळं पाणी प्यायलास," ते म्हणाले. "तरी पडलास. मग दोष शरीराचाच."

जोडीदारावर ठपका येऊ नये म्हणून मी मोठ्या मनानं गप्प बसलो, असं सांगायला मला फार आवडेल. खरं म्हणजे जीभ टाळूला चिकटली होती. ती सुटेपर्यंत बोर्डाच्या सह्या झाल्या. कारण लिहिलं होतं: ऊन सोसत नाही.

भूमच्या गड्याला ऊन सोसत नाही. बार्शीच्या एसटीत कंडक्टरला सांगितलं तर त्यानं तिकीट फाडता फाडता दोनदा विचारलं, नेमके कुठले तुम्ही? उतरलो तर बाजाराचा दिवस. चेअरमन समोरच, पानाच्या गाडीशी. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ," ते दबक्या आवाजात म्हणाले, "उन्हाचं कुणापाशी बोलू नको. तालुक्याची इज्जत हाय. मलेरिया म्हण."

म्हणालो. गावात तीन वर्षं मला मलेरिया होता.

मायला मात्र खरं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं: बाटली, चढ, तो पंजाबी, त्याचे ओठ.

"प्यायला का त्यो?" तिनं विचारलं.

"व्हय. समदं."

"तू समदंच दिलंस?"

"मागितलं त्यानं, माय. न्हाय कसं म्हणू?"

तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"अर्धं द्यायचं," ती म्हणाली.