पुसून टाकलेले धागे

संग्रहालयाच्या तळघरात, जिन्याखालच्या खोलीत बसून सुईकाकांनी चौतीस वर्षं दगड साफ केले. साधे दगड नव्हेत, जीवाश्मांचे. सूक्ष्मदर्शकाखाली दगड ठेवायचा, दिवा बाजूनं तिरका लावायचा आणि शिवणाच्या सुईहून बारीक सुईनं एकेक कण उचलायचा. नखाएवढी जागा मोकळी करायला कधीकधी आठवडा लागे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण वरच्या मजल्यावरच्या साहेबांपासून झाडणाऱ्या बाईंपर्यंत सगळ्यांचे ते सुईकाकाच.

मूळचे ते घड्याळ दुरुस्त करणारे. बाविसाव्या वर्षी त्यांच्या दुकानात एक गृहस्थ बंद पडलेलं घड्याळ घेऊन आले आणि ते चालू झाल्यावरही हलेनात. तासभर नुसते सुईकाकांचे हात बघत उभे.

"तुझा हात अजिबात कापत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे येतोस? माझ्याकडची घड्याळं बंद पडून पन्नास कोटी वर्षं झालीत, एवढंच."

हे संग्रहालयातले सर. जीवाश्मांचे अभ्यासक, आणि त्यातही जेलीफिशचे वेडे. लोक हाडं शोधतात, दात शोधतात, सर शोधत होते जिला हाडही नाही आणि दातही नाही तिला. "शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी," ते चहा पिता पिता सांगत. "मेली की विरघळली. अंगावर एकदम बारीक चिखल बसला आणि आत हवा शिरली नाही, तरच लाखात एखादी दगडात उरते. बरं, हिचे जन्म दोन. आधी तळाला चिकटून फुलासारखं उभं राहायचं, मग छत्री उघडून पोहत सुटायचं. पहिल्यांदा तळ सोडून ती वर कधी निघाली, हे मला मरायच्या आत कळलं पाहिजे बघ."

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी सरांनी सुईकाकांच्या हातात एक काळी सपाट फरशी दिली. मधोमध बशीएवढा गोल ठसा. दगड टिकावा म्हणून त्यावर कुणीतरी पूर्वी रोगण फासलं होतं आणि ते पिवळं पडून ठशाच्या काठावर साचलं होतं. "तेवढं काढ. सावकाश," सर म्हणाले आणि आठ दिवसांसाठी गावाला गेले.

सुईकाकांनी रोगण खरवडायला घेतलं. तरुण वय, सरांना खूश करायची घाई. तिसऱ्या दिवशी दिवा जरा सरकला आणि त्यांना दिसलं, की रोगणाच्या खाली केसाएवढ्या चकचकीत रेषा आहेत. ठशाच्या काठापासून बाहेर लोंबणाऱ्या, एकीशेजारी एक. जेलीफिशचे धागे. आणि ते रोगणाबरोबर निघून येत होते. पाऊण काठ तर त्यांनी आधीच स्वच्छ केलेला.

इथवर चूक होती. पुढचं त्यांनी केलं ते भीतीपोटी. त्या दुपारी दार लावून त्यांनी उरलेल्या रेषाही काढल्या, म्हणजे कुणी काही विचारायला नको.

सर परत आले. भिंगातून दगडाकडे बराच वेळ बघत राहिले. "काठाला काहीच नाही का रे?"

"नाही, सर."

"मग ही छत्री नव्हे. तळाला चिकटून राहणाऱ्या कुठल्यातरी प्राण्याचा हा बुडखा असणार." सरांचा आवाज पडला, पण ते हसले. "दगड सांगेल ते लिहायचं. आपल्या मनातलं नाही." आणि त्यांनी तसा शोधनिबंध लिहिला. पुढे दुसऱ्यांनीही पुस्तकांतून तेच लिहिलं: तो ठसा जेलीफिशचा नाही.

सुईकाकांचं लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून परगावी गेली. सर निवृत्त झाले. ती फरशी खणात पडून राहिली. तो खण सुईकाका कधी उघडत नसत. दुसऱ्या कुणाला त्यातलं काही हवं असलं, की त्यांना हटकून काम निघे.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना सरांच्या जागी आलेल्या मॅडम एक खोकं घेऊन खाली आल्या. "काका, गोदाम आवरताना हे सापडलं. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं, कुणी उघडलंच नव्हतं. नंबर सरांच्या त्या गोल ठशाचा आहे, पुढे 'ब' लिहिलंय."

दगड फुटताना मधून उघडला, की ठसा दोन्ही बाजूंना उमटतो, पुस्तकाच्या समोरासमोरच्या पानांसारखा. हे दुसरं पान होतं. त्याला रोगण लागलं नव्हतं. सुईकाकांनी दिवा तिरका केला आणि काठाभोवतीचे सगळे धागे एकदम उजळले.

"काका? बरं वाटत नाहीये का?"

"उद्या बघतो, मॅडम," एवढंच ते बोलले.

घरी बायको मटार सोलत होती. तेही समोर बसून सोलायला लागले आणि दाणे सालांत, सालं दाण्यांत टाकायला लागले.

"अहो, काय झालंय?"

त्यांनी सगळं सांगितलं. "बत्तीस वर्षं," ती शेवटी म्हणाली. "मी आपली समजत होते, या माणसाच्या तोंडात तीळसुद्धा भिजत नाही." मग टोपली बाजूला सारून तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मॅडमना सांगालच. पण आधी सरांना सांगा. त्यांनी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको."

सर आता त्र्याऐंशी वर्षांचे. दुसऱ्या मजल्यावरच्या घरी, खिडकीशी खुर्चीत. सुनेनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. सुईकाकांनी काढलेल्या धाग्यांचं आणि आता सापडलेल्या 'ब'चं, सगळं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर जमलं नसतं.

"म्हणजे घासलंस," सर म्हणाले.

"हो."

"आणि उरलेलेही काढलेस. मुद्दाम."

"हो, सर."

सरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "जा घरी," ते म्हणाले.

सुईकाका जिना उतरले. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे लिहावं लागेल, काका. काय झालं ते जसंच्या तसं." "लिहा," ते म्हणाले. "माझं नाव घालून लिहा. खरं नाव."

तिसऱ्या दिवशी तळघरातला फोन वाजला. सरांची सून. "काका, बाबा सकाळपासून बूट घालून दारात बसलेत. म्हणतात, संग्रहालयात जायचंय. मला तर त्यांना जिना उतरवणं झेपायचं नाही."

सुईकाका आणि शेजारचे एक गृहस्थ यांनी मिळून त्यांना खुर्चीसकट खाली आणलं. मग टॅक्सीनं संग्रहालयात नेलं. तळघरात खुर्ची टेकल्यावर सर बोलले.

"दगडाचा राग नाही आला मला. दगड काय, सगळ्यांच्याच हातून बिघडतात. माझ्या हातून तर एकदा एक खाली पडून त्याचे दोन तुकडे झालेत. पण तू रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होतास रे. एक दिवस तरी सांगायचं होतंस."

"भीती वाटायची. तुम्ही काढून टाकाल म्हणून."

"कामावरून?"

"नाही. मनातून."

सरांनी मान हलवली. रागानं की कशानं, ते सुईकाकांना कळलं नाही. मग ते पुढे वाकले. "दाखव आता. जीव टांगून ठेवलायस तीन दिवस."

सुईकाकांनी 'ब' फरशी ठेवली, दिवा लावला, सरांच्या डोळ्याला जुळेपर्यंत भिंग फिरवलं. सर बघत राहिले. त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता.

"छत्री आहे," ते म्हणाले. "अरे, छत्रीच आहे ही! काठालाच धागे आहेत. पोहत होती ही बया, पन्नास कोटी वर्षांपूर्वी." आणि टेबलावर थाप मारून ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "माझं चुकलं होतं! तीस वर्षं छापील चुकलं होतं!"

"एका दगडावरून सगळं ठरत नाही, सर," मॅडम दारातून हळूच म्हणाल्या. "पण एवढ्या जुन्या, धाग्यांसकट, फार थोड्या आहेत."

"ते मला शिकवू नकोस, मुली," सर म्हणाले, पण खुशीत होते. "लेख तुम्ही दोघं लिहा. मी चुकलो ते पहिल्या ओळीत घाला." मग सुईकाकांकडे वळून म्हणाले, "बस इथे. माझी नजर ठरत नाही. मी मोजतो, तू सुईचं टोक पुढे सरकवत राहा. दगडाला लावू मात्र नकोस."

सुईकाका शेजारी स्टुलावर बसले. सुईचं टोक एकेका धाग्यावरून, दगडापासून केसभर वर, पुढे जात राहिलं. सर मोठ्यानं मोजत होते. त्रेसष्टपर्यंत आले आणि चुकले.

"पहिल्यापासून," सर म्हणाले, आणि सुईकाकांनी सुई पुन्हा पहिल्या धाग्यावर आणली.