कॅप्टन का मरतो

चूक माझीच होती, आणि ती मी जाणूनबुजून केली.

त्या अंतराळपटाचे आधीचे सगळे भाग मी आणि माझी लेक केतकी, आम्ही शेजारी बसून पाहिले होते. शेवटच्या भागाची तिकिटं मात्र तिने होणाऱ्या नवऱ्याबरोबर, निनादबरोबर काढली, रविवारची. मी शनिवारी सकाळीच एकटा जाऊन पाहून आलो. सगळ्यांचा सिनेमा पाहून होईपर्यंत शेवट सांगायचा नाही, हा आमच्या घरातला नियम मीच केलेला. तरी जेवताना म्हणालो, "तुझा कॅप्टन मरतो."

तिच्या हातातला घास तसाच राहिला. "बाबा, तू ना..." म्हणत ती उठून गेली.

रविवारी ती परतली ती सुजलेल्या डोळ्यांनी. मला त्या रडण्याचाही हेवा वाटला.

"माहीत असूनही रडलीस?"

"मरतो म्हणून नाही रे. आधी तो स्वतःच्या खुर्चीवर त्या नव्या पोरीला बसवतो ना, तेव्हा. तो असेपर्यंत तिथे दुसरं कोण बसलं असतं?"

ते दृश्य मला आठवेना. मी बहुधा तेव्हा शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो. कॅप्टनला जागा सोडण्यासाठी मरावं लागलं. मला नुसतं थोडं सरकून बसायचं होतं.

"चुकलो गं. जळत होतो मी."

"कोणावर, कॅप्टनवर?"

"निनादवर. त्याला फोन लाव. तुझ्याबरोबर त्याचाही सिनेमा मी नासवला, त्याचीही माफी मागतो."