बावीस वर्षं नुसत्या पोळ्याच

मंडळी, आज दुपारी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात एका बाईंनी मला आमची बावीस वर्षांची चूक दाखवली.

आम्ही सात जणी बावीस वर्षं तिथल्या पेशंटच्या नातेवाइकांना रोज डबा देतो. पोळी मऊ राहावी म्हणून कणकेत दूध घालतो, आणि त्याचा आम्हाला भारी अभिमान.

आज फुलसावंगीकडच्या तांड्यावरून आलेल्या शेवंताबाईंना डबा दिला. त्यांचा नवरा आठ दिवसांपासून ॲडमिट आहे. बघते तर त्यांनी पोळ्या शेजारच्या पेशंटच्या पोरीला दिल्या आणि स्वतः नुसता वरणभात कालवला.

"पोळ्या का नाही खात?"

"बाई, मले भाकरीची सवय. पोळीनं पोट भरल्यावानी वाटत नाही."

"मग आठ दिवस सांगितलं का नाही?"

"देणाऱ्याले काय सांगावं?"

बावीस वर्षांत आम्ही पेशंटची चौकशी केली, औषधांची केली. तुम्ही घरी काय खाता, हे एकदाही विचारलं नाही. आमच्या घरी पोळी, म्हणून सगळ्यांना पोळी.

संध्याकाळी बाकीच्या सहा जणींना माझ्याकडे बोलावून ज्वारीचं पीठ आणलं. अडचण एवढीच की आमच्यातल्या एकीलाही भाकर थापता येत नाही. पहिल्या चार मोडल्या, त्या आम्हीच खाल्ल्या. पाचवी आत्ता तव्यावर आहे. फुगो न फुगो, उद्यापासून डब्यात भाकर जाणारच.

तुमच्यापैकी कुणाला थापता येते? सकाळी या, शिकवा. आणि आमचं चुकलं तर तोंडावर सांगा, आम्ही देणाऱ्या आहोत म्हणून गप्प बसू नका.